खुलासा : केळी घडातच शिजल्याची ती क्लिप बातमी नाही

‘जळगावात पारा ५६ अंशांवर, रावेरला केळी घडातच शिजली’ म्हणून फिरणारी क्लिप बातमी नाही. भविष्यातल्या तापलेल्या खानदेशावरच्या विनोदी लघुपटाचा तो तुकडा आहे; सुरुवातीची वर्ष दाखवणारी पाटी कापून पुढे पाठवलाय. भारतातला नोंदलेला उच्चांक ५१ अंश : राजस्थानातलं फलोदी, मे २०१६. क्लिपमधला तापमापक उन्हात, पत्र्यावर ठेवलाय. अधिकृत नोंद सावलीच्या, हवेशीर पांढऱ्या पेटीत घेतात.

केळी शिजत नाही, पण धोका खरा आहे. चाळिशीपुढच्या उष्ण वाऱ्यात पानं फाटतात, करपतात, घड सटकतात. वारा अडवायला बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ आधीच हवी. एप्रिलमध्ये लावून उपयोग नाही. घड कोरड्या पानांनी झाका, ठिबक रात्री किंवा पहाटे चालवा.