काका, तुमचा ओव्हरटाइम मोजला जायचा

परवा फॅमिली ग्रुपवर काकांनी परत तोच फॉरवर्ड टाकला. तुमच्याकडेही आलाच असेल, दोन वर्षं झाली, कुठल्या ना कुठल्या अवतारात फिरतोच आहे. थोडक्यात असा: आजकालच्या पोरांना पगार हवा, काम नको. आम्ही बारा-बारा तास राबलो, कधी हूं की चूं केलं नाही. जर्मनी-जपान असेच उभे राहिले. साहेब ओरडतो ते तुमच्या भल्यासाठी. कंपनीला आपलं घर समजा. आणि पटत नसेल तर राजीनामा द्या, रडगाणं कशाला. खाली तिरंगा आणि जोडलेले हात.

मी हिंजवडीत चौदा वर्षं आयटीत आहे, त्यातली शेवटची चार टीम लीड म्हणून, म्हणजे बोलणी खाल्लीयेत पण आणि खरं सांगायचं तर ऐकवलीयेत पण. अंगठा देऊन गप्प बसणार होते, नाही जमलं.

"आम्ही बारा तास राबलो, तक्रार केली नाही."

राबलात, मान्य. आमचे बाबा भोसरीत कारखान्यात होते. साडेतीनचा भोंगा झाला की शिफ्ट संपली. जास्त थांबवायचं असेल तर सुपरवायझर दुपारीच येऊन विचारायचा, कार्ड पंच व्हायचं, आणि ते चार तास पगाराच्या स्लिपवर वेगळ्या रकान्यात यायचे, डबल रेटने. दिवाळीच्या तोंडावर ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, कुणाला मिळणार यावरून माणसं एकमेकांशी भांडायची. आई अजून सांगते, घरातला पहिला फ्रिज ओटीवर आला. म्हणजे बारा तास होते पण ते बारा आहेत हे कंपनीला माहिती होतं आणि कागदावर होतं. आमच्याकडे बारा तास होतात आणि कागदावर आठ असतात, सगळा फरक तिथे आहे, त्यावर येतेच पुढे.

आणि तक्रार केली नाही हे तर साफच खोटं. युनियन होती, गेट मीटिंगा व्हायच्या, तक्रार करायला तुम्ही वर्गणी काढून माणूस ठेवला होता! ज्या रविवारी तुम्ही हे फॉरवर्ड करताय तो रविवारसुद्धा तक्रारीतूनच मिळालाय. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, सभा घेतल्या, हजारोंच्या सह्यांची निवेदनं दिली, आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी पदरात पडली. सहा वर्षं लागली एका सुट्टीला. पुढे कारखाने कायद्याच्या १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला, तेव्हा मजूर खातं बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. राबून राबून कुणी खूश होऊन दिलेले नाहीत हे तास.

"आजकालच्या पोरांना काम नको."

आकडे उलटं सांगतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीत भारतातला कामाचा सरासरी आठवडा ४६-४७ तासांचा आहे आणि निम्म्याच्या आसपास लोक ४९ तासांच्या वर काम करतात. तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले तरुणांनी ७० तास करावेत, जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे एस. एन. सुब्रह्मण्यन ९० वर गेले, वर घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार असंही विचारून झालं. (बायकाही नोकरी करतात हे बहुतेक त्या मीटिंगमध्ये कुणी सांगितलं नसावं.)

पण मला खरं बोलायचंय ते टाइमशीटवर, म्हणजे कुठल्या कामाला किती तास दिले ते आम्ही भरतो त्या तक्त्यावर, कारण हे बाहेरच्यांना माहितीच नसतं. समजा क्लायंटला एक काम विकलं ४०० तासांत. विकणाऱ्याने ते करणाऱ्याला विचारलेलं नसतं, समोरची कंपनी ४५० म्हणाली म्हणून हे ४०० म्हणाले. प्रत्यक्षात काम आहे ५५० चं. मग टीम रात्री अकरापर्यंत बसते, शनिवारी बसते, आणि शुक्रवारी टाइमशीट भरायची वेळ आली की मॅनेजर मेसेज टाकतो, "आठच भरा प्लीज, बजेट नाहीये." सगळे आठ भरतात. मीही भरलेत, वर्षानुवर्षं. आता पुढचं काम येतं तेव्हा अंदाज कशावरून काढतात? मागच्या टाइमशीटवरून! त्यात दिसतंय ४०० तासांत झालं. मग पुढचं ३८० ला विकतात, कारण मागच्या वेळी आरामात झालं होतं ना.

म्हणजे दीडशे तास पोरांनी केलं, ते कुठेच नाही. ना पगारात, ना बिलात, ना कंपनीच्या आठवणीत. आणि सहा महिन्यांनी त्यातलं एखादं पोरगं साडेसहाला बॅग उचलतं, तेव्हा तोच मॅनेजर म्हणतो, या पिढीला कमिटमेंट नाही. प्लॅनिंग चुकलं वरच्याचं, आळशी ठरला खालचा.

कायदा काय म्हणतो ते पण सांगते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात होते दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, त्यावर ओव्हरटाइम दुप्पट दराने, तोही तीन महिन्यांत १२५ तासांपर्यंतच. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने हे दिवसाला १० तास आणि ओव्हरटाइमला १४४ करायला मंजुरी दिली. यातून मॅनेजर, सुपरवायझर अशा कामावरची माणसं बाहेर आहेत, म्हणून आमच्याकडे ज्याच्या हाताखाली कुत्रं नाही तोही असिस्टंट मॅनेजर असतो. नुसत्या हुद्द्याने कुणी मॅनेजर ठरत नाही, खरं काम काय करतो ते बघतात, पण हे सांगायला कोर्टात जाणार कोण?

"जर्मनी-जपान असेच उभे राहिले."

युद्धानंतर तिथले लोक ४८ आणि त्याहून जास्त तास करत होते, खरंय. पण फॉरवर्ड तिथेच थांबतो. जर्मनीतल्या युनियननी १९५६ मध्ये शनिवारी सुट्टी मागायची मोहीम काढली, १९८४ मध्ये तिथल्या धातू कामगारांनी ३५ तासांच्या आठवड्यासाठी आठवडेच्या आठवडे संप केला, आणि आज सगळ्यात कमी तास काम करणाऱ्या देशांत जर्मनी येतो. गाड्या काही बंद पडल्या नाहीत त्यांच्या. जपानला तर कामाने येणाऱ्या मृत्यूसाठी वेगळा शब्दच काढावा लागला, करोशी, आणि शेवटी २०१८ मध्ये ओव्हरटाइमवर कायद्याने मर्यादा घालावी लागली, साधारणपणे महिन्याला ४५ तास. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने औषध सोडून आजारच आयात केला.

आजार हा शब्द उगाच नाही वापरत. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मिळून काढलेला अंदाज आहे: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास करणाऱ्याला ३५-४० तास करणाऱ्यापेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त. २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या ऑडिट फर्ममधली २६ वर्षांची सीए नोकरीला लागल्यावर चारेक महिन्यांत गेली. तिच्या आईने कामाच्या ओझ्याबद्दल लिहिलेलं पत्र सगळ्या देशाने वाचलं. कामाच्या ताणाने मृत्यू झाला हे कंपनीने मान्य केलं नाही. पण कामगार खात्याचे लोक तपासणीला गेले तेव्हा असं निघालं की त्या ऑफिसची या दुकाने कायद्याखाली नोंदणीच नव्हती, २००७ पासून. तास मोजायचे तर आधी ऑफिस आहे हे तरी माहिती पाहिजे.

"साहेब ओरडतो ते तुमच्या भल्यासाठी."

एका जुन्या कंपनीतला सकाळचा कॉल. चौदा जण, कॅमेरे बंद. मॅनेजरने एक्सेल शीट स्क्रीनवर शेअर केलेली, एका मुलाच्या नावासमोरचा चौकोन लाल, म्हणजे काम अडकलेलं, आणि मॅनेजर कर्सर त्या चौकोनावर गोल गोल फिरवत बोलतोय. "हे काय आहे? नाही सांग ना सगळ्यांना, काय आहे हे?" त्या मुलाचं "हो सर" तीनदा ऐकू आलं, मग म्यूट. अकरा मिनिटं चाललं ते, मी घड्याळ बघत होते कारण दुसरीकडे कुठे बघावं कळेना.

भलं काय झालं सांगते. त्यानंतर त्या टीममध्ये कुणाचाच चौकोन लाल झाला नाही. सगळे हिरवे. काम अडकलं तरी हिरवं. रिलीजच्या आदल्या रात्री कळलं की पेमेंटचा भाग तीन आठवडे चालतच नव्हता, चौघांना माहिती होतं, चौघंही गप्प.

"कंपनीला घर समजा."

घरातून काढताना एचआर बारा मिनिटांचा कॉल लावत नाही आणि कॉल चालू असतानाच लॅपटॉप लॉक होत नाही. पुढे.

"पटत नसेल तर राजीनामा द्या."

द्यायला तयारच असतात हो, जाऊ कोण देतं? आमच्याकडे नोटीस पिरियड ९० दिवस, नवीन कंपनीला माणूस हवा ३० दिवसांत. मधले दिवस पैसे भरून विकत घ्यायचे तर मॅनेजरची मर्जी, आणि रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, त्याच्याच हातात. वाकडमधल्या टूबीएचकेचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस ते लेटर मिळेपर्यंत तीन महिने आठ-आठच भरतो. आणि चौदा वर्षांत मी बघितलंय, जे बोलतात, चुकतंय म्हणून सांगतात, तेच आधी जातात. राहतात ते सगळं हिरवं ठेवणारे. म्हणजे हा सल्ला मानला तर कंपनीचंच वाटोळं.

तर काका, एवढं ग्रुपवर टाकता येत नाही म्हणून इथे लिहिलं. गेल्या महिन्यापासून मी टीमला सांगितलंय, जेवढे तास केले तेवढे भरा, अकरा तर अकरा. पहिल्याच शुक्रवारी फायनान्समधून फोन आला. बिचारा फार अदबीने बोलत होता. "मॅडम, तुमचा प्रोजेक्ट बजेटच्या वर, रेडमध्ये दिसतोय, काही टायपो झालाय का?" म्हटलं नाही, खरे तास आहेत. थोडा वेळ शांतता, मग म्हणाला, "नाही, म्हणजे... एडिट करायचा ऑप्शन सोमवारपर्यंत ओपन आहे."