पगार, तनखा आणि मानधन

महिनाअखेर आली की तो फॉरवर्ड हमखास फिरतो: रोमन सैनिकांना पगारात मीठ मिळायचं, म्हणून इंग्रजीत सॅलरी! अर्धंच खरं आहे. लॅटिनमध्ये 'साल' म्हणजे मीठ आणि 'सालारियुम' त्यावरून आला, इथवर ठीक. पण शिपायांना मीठ मोजून देत असल्याचा पुरावा नाही, त्यांना नाणीच मिळत. आपल्याला ही गोष्ट चटकन पटते, कारण खाल्ल्या मिठाला जागायचं हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

आपल्या 'पगार'ची गोष्ट मला याहून सरस वाटते. शब्द पोर्तुगीज. १५३४ ते १७३९ वसई त्यांच्या ताब्यात होती. चावी, पाव, बटाटा तिकडचेच. त्यांच्याकडे 'पगार' हे क्रियापद आहे, पैसे चुकते करणे. महिन्याच्या कमाईला ते 'सालारिउ' म्हणतात. आपण त्यांचं क्रियापद उचललं आणि बिनदिक्कत नाम करून टाकलं. अजून मागे गेलात तर लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. ज्याचं देणं आहे त्याला शांत करायचं! इंग्रजीतला 'पे' फ्रेंचमार्गे आलेला याच घरातला. एक तारखेला घरमालक, दूधवाला आणि बँकेचा हप्ता यांना शांत करताना हे मूळ फारच पटतं.

हिंदीत तनख्वाह. फारसीत तन म्हणजे शरीर, ख्वाह म्हणजे मागणारं. मराठीत त्याचा तनखा झाला आणि थेट राजवाड्यात जाऊन बसला. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली २६व्या घटनादुरुस्तीने बंद झाले, तेव्हापासून हा शब्दही जवळपास बेकारच आहे.

सरकारी कागदावर मात्र 'वेतन'. वेतनश्रेणी, वेतनवाढ, वेतन आयोग. पण मंत्रालयात शिपायापासून सचिवापर्यंत कुणी "वेतन झालं का?" विचारणार नाही. "पगार झाला का?" हाच प्रश्न. आणि तो 'होतो', कुणी करत नाही. जणू पाऊसच.

माझा खरा राग 'मानधन' या शब्दावर आहे. व्याख्यात्याला शाल-श्रीफळासोबत पाकीट दिलं, त्याला मानधन म्हणा, हरकत नाही. पण अंगणवाडी सेविका रोज केंद्र उघडते, पोरांची वजनं घेते, आहार वाटते, वर मोबाइलवर नोंदी भरते. तिला मानधन कसलं? वेतन म्हटलं की मागोमाग ग्रॅच्युइटी, पेन्शन, श्रेणी असं सगळं मागता येतं, मान दिला की तेवढ्यावर भागतं. गुजरातच्या सेविकांच्या ग्रॅच्युइटीच्या खटल्यात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे मानधन वेतनाच्या व्याख्येत बसतं. तरी कागदावर अजून मानधनच. सरकार बदलेल तेव्हा बदलेल, पण पेपरवाल्यांनी 'सेविकांच्या मानधनात वाढ' असा मथळा देण्याऐवजी सरळ 'पगारात वाढ' छापायला काय हरकत आहे?