खुलासा : भूपेन खख्खर यांच्या गाढवाच्या चित्राबाबत

नागपुरातील काही व्हॉट्सॲप गटांवर एक चित्र फिरत आहे. गच्चीत पाठमोरा उभा असलेला विवस्त्र माणूस आणि खाली गाढव, असे ते चित्र असून, चित्रकला न येणाऱ्या कुणीतरी खेडुतांची टिंगल करण्यासाठी ते काढल्याचे सोबत लिहिले आहे. हे खरे नाही.

हे चित्र भारतीय चित्रकार भूपेन खख्खर यांनी 1981 मध्ये रंगवलेले ‘यू कान्ट प्लीज ऑल’ (सगळ्यांनाच खूश करता येत नाही) असून ते लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. बाप, लेक आणि गाढव यांची, कसेही वागले तरी लोक नावे ठेवतातच ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तीच इथे एका चौकटीत अनेक प्रसंगांत घडते. गच्चीतला माणूस म्हणजे स्वतः खख्खरच आहेत. त्यामुळे हसू कुणावर असेलच, तर ते खेडुतांवर नसून नावे ठेवणाऱ्यांवर आहे. स्वतःचे समलैंगिकत्व उघडपणे मांडण्याच्या त्यांच्या प्रवासातही या चित्राला मोठे स्थान आहे, आणि ते उघडे अंग त्या संदर्भातच पाहायला हवे.

खख्खर पेशाने चार्टर्ड अकाउंटंट होते आणि चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते, एवढे मात्र खरे. परंतु बडोद्यात त्यांनी कलासमीक्षेचा अभ्यास केला होता. न्हावी, घड्याळजी अशा साध्या माणसांना त्यांनी ज्या मायेने रंगवले, ती पाहिल्यावर टिंगलीचा आरोप मनाला पटत नाही. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये.