पिन काढू नका

परदेशातल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळवायला इंग्रजी यावं लागतं. पण नवरदेवाला चालता यावं लागतं, तितपतच. त्याशिवाय भागत नाही हे खरं, पण तेवढ्यावर कुणी मुलगी देत नाही. खरी कसोटी निराळीच असते. एका कागदाला दुसरा कागद जोडायचा, त्यावर तिसऱ्याचा शिक्का घ्यायचा, आणि चौथा कागद हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपू द्यायची नाही. हे ज्याला जमलं, त्याला चाळीस पोरांचा वर्ग म्हणजे सुट्टीच वाटेल.

दारं तशी बरीच आहेत. जपानचा जेट कार्यक्रम 1987 पासून चालू आहे, कोरियाचा एपिक 1995 पासून. हाँगकाँगच्या माध्यमिक शाळांतली नेट योजना 1998 ची. स्पेन आणि फ्रान्स संभाषण-सहायक बोलावतात, आणि थायलंडमध्ये शाळा थेट माणूस घेते. पण दारावर टकटक केली की आतून ‘इंग्रजी कसं आहे?’ असं कुणी विचारत नाही. ‘पासपोर्ट कुठला?’ असं विचारतात. कोरियाच्या यादीत सात देश आहेत: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या सातांतही दक्षिण आफ्रिकेच्या आणि कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताच्या उमेदवाराने सातवीपासून पदवीपर्यंत इंग्रजीतूनच शिकल्याची पत्रं आणायची. म्हणजे ज्या शाळेने एके काळी वर्गाबाहेर उभं केलं, तिच्याच ऑफिसबाहेर पुन्हा उभं राहायचं, तेही स्वखुशीने.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी कोरियाचं दार एका मजेशीर कारणाने किलकिलं आहे. भारत आणि कोरिया यांचा व्यापार करार 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला. त्यात आयात शुल्काच्या तक्त्यांच्या शेजारी इंग्रजीचे सहायक शिक्षकही बसवलेले आहेत. पदवी हवी आणि इंग्रजी शिकवायचा शिक्षकी परवाना हवा. यंत्रांचे सुटे भाग, रसायनं आणि आपण, असा तो प्रवास. हाँगकाँगला पासपोर्टपेक्षा कसबात रस आहे. मातृभाषा इंग्रजी नसली तरी त्या तोडीची असली की चालते, मात्र शिकवण्याची पात्रता लागतेच. तात्पर्य, अर्ज उघडण्याआधी पात्रतेचं पान वाचावं. निबंध लिहून, फोटो काढून, सहकाऱ्यांना पेढे देऊन झाल्यावर ते वाचणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

मग येतं इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाचं 120 तासांचं प्रमाणपत्र. हा आकडा बाजारात सगळीकडे दिसतो आणि त्याचे अर्थ निदान दोन आहेत. केंब्रिजच्या सेल्टा या अभ्यासक्रमात निदान 120 तास शिक्षकांच्या समोर काढावे लागतात आणि त्यातच सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवून दाखवावं लागतं. मागे बसलेला परीक्षक वहीत काहीतरी लिहीत असतो आणि तुम्ही ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांतला फरक सांगता सांगता घामाघूम होता. दुसरे 120 तास ऑनलाइन असतात आणि कष्टाळू माणूस ते एका शनिवार-रविवारी उरकतो. एका शनिवार-रविवारी तास 48 च असतात हे विचारायचं नसतं. हेही अनेक ठिकाणी चालतं, पण तास प्रमाणपत्रावर आकड्यात छापलेले हवेत. नुसतं ‘यशस्वीरीत्या पूर्ण केला’ असेल, तर छाननी करणारा माणूस ते शून्य तासांत पूर्ण झालं असं धरतो, आणि त्याची फारशी चूकही नसते.

आता मुख्य देवता: अपॉस्टिल. पदवीचा कागद अस्सल आहे हे परदेशी सरकारला पटावं म्हणून 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग कराराने हा शिक्का ठरवून दिला. किमान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौकोन, आत क्रमाने दहा रकाने, आणि शीर्षक फ्रेंचमध्ये. देश कुठलाही असो, भाषा कुठलीही असो, डोक्यावर फ्रेंच. इंग्रजी शिकवायला निघालेल्या माणसाच्या कागदावर सगळ्यात अधिकाराने बसलेलं वाक्य फ्रेंच असावं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

गंमत अशी, की हा शिक्का पदवी खरी आहे असं म्हणतच नाही. खालची सही ज्याची म्हणतात त्याचीच आहे, सही करताना तो त्या पदावर होता, आणि मोहोर त्या कार्यालयाचीच आहे, एवढंच तो म्हणतो. तुम्ही काय शिकलात, किती शिकलात, याबद्दल अवाक्षर नाही. म्हणून तर साखळी लागते. विद्यापीठाची सही ओळखणारं राज्याचं कार्यालय, आणि राज्याची सही ओळखणारं परराष्ट्र खातं. प्रत्येक जण फक्त आपल्या आधीच्याला ओळखतो. तुम्हाला यातलं कुणीच ओळखत नाही. शिवाय यजमान देश करारात आहे का, हे पाहायचं. कोरिया 2007 मध्ये आला, चीनमध्ये करार नोव्हेंबर 2023 मध्ये लागू झाला. करारात नसलेल्या देशासाठी अपॉस्टिलचा उपयोग नाही, दूतावासाचा निराळा शिक्का लागतो.

आणि ती पिन. बऱ्याच देशांत अपॉस्टिल हा वेगळा कागद असतो आणि तो मूळ दस्तऐवजाला स्टेपलने जोडलेला असतो. ती पिन काढायची नाही. स्कॅन नीट येत नाही म्हणून नाही, फाइलमध्ये बसत नाही म्हणून नाही, कोपरा दुमडतो म्हणूनही नाही. एकदा काढून पुन्हा लावली, की शेजारी दोन बारीक भोकं राहतात, आणि तो कागद उचकटून बदललेला असू शकतो असा संशय घ्यायला तेवढी पुरतात. चार आठवड्यांची धावपळ त्या दोन भोकांतून गळून जाते. स्कॅन करायचं तर पान मागे दुमडून, हाताने दाबून धरून, थोडं तिरकं आलं तरी चालेल. अंगठा आला तर मात्र परत काढा. अंगठ्याला अपॉस्टिल नाही.

पोलिसांच्या दाखल्याचं दुखणं वेगळं, ते वेळेचं आहे. कोरियाला हा दाखला राष्ट्रीय पातळीवरचा लागतो, गल्लीतल्या पोलीस ठाण्याचा नाही, आणि तो सहा महिन्यांच्या आतला हवा. शहाणा माणूस लवकर तयारीला लागतो, दाखला लवकर काढतो, आणि व्हिसाच्या वेळी तो शिळा झालेला असतो. आळशी माणूस उशिरा काढतो आणि त्याचा दाखला अपॉस्टिलच्या रांगेत असताना जागा भरून जातात. म्हणून आरंभापासून मोजू नये, शेवटाकडून उलटं मोजावं: व्हिसाची तारीख, त्याआधी कागद पोचायची तारीख, त्याआधी कुरिअर, त्याआधी शिक्का. माणूस सहा महिन्यांनी गुन्हेगार होत नाही, पण तो झाला नाही याचा पुरावा मात्र होतो तसा.

नावाचा घोळ मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तो सगळ्यांना शेवटीच कळतो. पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर नंतर. एकीकडे मधलं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. दाखल्यावर एक ‘ए’ जास्त. आपल्या दृष्टीने ही तिन्ही नावं एकाच गरीब माणसाची. छाननीच्या टेबलावर मात्र पदवी एकाची, पासपोर्ट दुसऱ्याचा आणि निष्कलंक चारित्र्य तिसऱ्याचंच. उपाय सोपा, फक्त तो आधी करायचा: पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरावं आणि बाकी अर्ज अक्षर न अक्षर त्याबरहुकूम भरावेत. जुना कागद बदलता येत नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं. आणि हो, त्यालाही शिक्का लागू शकतो.

शिफारसपत्रं मागताना प्राध्यापकांवर काही सोडू नये. लेटरहेड, तारीख, शाईची सही, संपर्काचा पत्ता, हे सगळं आपणच कागदावर लिहून द्यावं. नाहीतर ‘हा मुलगा स्वभावाने चांगला असून त्याला शुभेच्छा’ एवढंच येतं, आणि मुलगा मुलगी असते.

जेटच्या अर्जात उद्देशाचा दोन पानी निबंध असतो. तिथे बहुतेक सगळे जपानवर लहानपणापासून प्रेम करतात. वाचणाऱ्याने असली प्रेमपत्रं शेकड्याने वाचलेली असतात, त्यामुळे त्याला तुम्ही वर्गात काय करणार हे हवं असतं. तीस मुलांना दहा मिनिटांत बोलतं करायचा एक खेळ नीट मांडला, तर तो दोन परिच्छेद चेरीच्या फुलांना भारी पडतो. मुलाखतीत नमुना पाठ घ्यायला सांगू शकतात. समोर तीन प्रौढ माणसं गंभीर चेहऱ्याने दहा वर्षांची होऊन बसतात आणि तुम्ही हावभाव करून ‘हत्ती’ शिकवता. हळू बोला, वाक्यं लहान ठेवा, सूचना देण्याऐवजी करून दाखवा. व्याकरण सांगायला गेलात की गेलात. ‘सहशिक्षकाशी पटलं नाही तर?’ हा प्रश्न येतोच. ‘मीच बरोबर असेन’ हे उत्तर मनात ठेवावं.

मग वाट पाहणं. जेटचा अर्ज शरद ऋतूत, मुलाखत हिवाळ्यात, निकाल वसंतात आणि विमान उन्हाळ्यात. एपिकच्या तुकड्या दोन, फेब्रुवारीची आणि ऑगस्टची. या काळात ‘मग कधी निघणार?’ हा प्रश्न भेटेल तो विचारतो आणि ‘कुठे?’ याचंही उत्तर तुमच्याकडे नसतं. गावाची पसंती अर्जात लिहिता येते, पण ती विनंती असते. महानगर मागितलेल्याला भातखाचरांच्या मधली शाळा मिळते आणि शिक्षण मंडळ विचारतं, गाडी चालवता येते ना? तेव्हा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना 1949 च्या जिनिव्हा करारानुसारचा घ्यावा. 1968 च्या व्हिएन्ना करारावरचा परवाना दिसायला तसाच करडा असतो, पण जपानमध्ये चालत नाही.

याच काळात मदतीला एजंट येतात. जेट आणि एपिक, दोन्हींना अर्जाची फी नाही. तेव्हा ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्याला नमस्कार करावा. ‘आधी पर्यटक व्हिसावर या, मग बघू’ म्हणणाऱ्याला लांबूनच करावा. थायलंडमध्ये शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर कामाचा परवाना लागतो. पर्यटक व्हिसावर वर्ग घेणारा मास्तर कायद्याच्या भाषेत बेकायदा कामगार असतो, फळ्यावरचं अक्षर कितीही वळणदार असो.

नोकरी मिळाली की पैसे यायला लागतील, ही दुसरी गोड समजूत. आधी जातात. एपिक विमानभाड्यासाठी 13 लाख वॉन देतं, पण तिकीट आधी आपण काढायचं. कोरियात राहायला जागा मिळते. जपानमध्ये भाड्याच्या घराला अनामत लागते आणि शिवाय रेइकिन नावाची रक्कम असू शकते, म्हणजे घर दिल्याबद्दल मालकाचे मानलेले आभार. ते रोख मानायचे असतात आणि परत मिळत नाहीत. पहिला पगार महिना भरल्यावर. स्पेनला जाणाऱ्याने पहिले दोन-तीन महिने काढता येतील एवढे पैसे खिशात ठेवूनच निघावं.

काम? ते सगळ्यात कमी. कोरियात आठवड्याला 22 तास शिकवायचं, पण बसायचं रोजचे आठ. फ्रान्समध्ये नुसते 12. मुलांची सुट्टी म्हणजे तुमची नव्हे, त्यामुळे रिकाम्या शाळेत, रिकाम्या शिक्षकदालनात, एकटं खुर्ची ऊबदार ठेवायची. वर्गात पाठ्यपुस्तकातलं वाक्य वाचून दाखवायचं, मुलं ते एका सुरात म्हणतात. ‘हाऊ आर यू?’ विचारलं की तापाने फणफणलेलं पोरगंही ‘आयम फाइन, थँक यू, अँड यू?’ म्हणतं.

पण ते पुढचं. पहिल्या दिवशी शिक्षण कार्यालयात तुमची फाइल घेतात. कारकून अत्यंत अदबीने उठतो, पदवी दोन्ही हातांनी स्वीकारतो, झेरॉक्स स्वच्छ यावी म्हणून खण उघडतो आणि पिन काढायचा चिमटा बाहेर काढतो. तुम्ही ओरडता, ‘स्टेपल! नो स्टेपल!’ तो हसून मान डोलावतो. स्टेपलरला कोरियात आणि जपानमध्येही म्हणतात होचकिस, एका जुन्या अमेरिकी कंपनीच्या नावावरून. तुमचं इंग्रजी त्याला कळत नाही, आणि चिमटा कोपऱ्याशी पोचलेला असतो.