फ्यूज निर्दोष असतो

डेस्कटॉप बंद पडला की घरात पहिला संशय मॉनिटरवर जातो, दुसरा पोरांच्या गेमवर आणि तिसरा सकाळी दोनदा गेलेल्या लाइटवर. एसएमपीएस नावाचा, कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा कोणाच्या खिजगणतीतच नसतो. वास्तविक २३० व्होल्ट अंगावर घेतो तो, त्याचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून वाटतो तो, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात झुरळांना कोरडी, उबदार जागा देतो तोही तोच. यातल्या तिसऱ्या कामापायी बिचारा जिवानिशी जातो.

"अहो, नवीनच घ्या ना, कशाला तो खटाटोप," असं म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत पदसिद्ध असतात. काकांचं अगदीच खोटं नाही. स्वस्तातला सप्लाय नवा मिळतो. फक्त तो उघडून बघू नये. फिल्टरची कॉइल असायला हवी तिथे तारेचे दोन तुकडे टाकलेले असतात, हीटसिंक, म्हणजे गरम भागांची उष्णता खेचणारा धातूचा तुकडा, नावापुरता असतो, आणि डब्यावर छापलेले ४५० हे वॉट नसून मॉडेलचं नाव आहे, हे खरेदीनंतर कळतं. म्हणून माझी कसोटी सोपी आहे. डबा हातात घेऊन बघायचा. जड लागला तर दुरुस्ती, हलका लागला तर भंगारवाला.

दुरुस्तीची खरी गंमत अशी की या डब्यात जो जळलेला दिसतो तो सहसा गुन्हेगार नसतो. गुन्हेगार शेजारीच, स्वच्छ कपड्यांत, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने उभा असतो आणि बाजारात त्याची किंमत चहाच्या कटिंगपेक्षाही कमी असते.

डबा उघडण्याआधी एक तपासणी. २४ पिनांच्या कनेक्टरमधली जांभळी तार शोधा. भिंतीतलं बटण चालू असेल तर तिच्यावर, कॉम्प्युटर बंद असतानाही, ५ व्होल्ट असलेच पाहिजेत. असतील तर फ्यूज, ब्रिज (एसीचं डीसी करणारा भाग) आणि स्टँडबायचा (कॉम्प्युटर बंद असतानाही चालू राहणारा) भाग जिवंत आहे, म्हणजे निम्मा तपास इथेच संपला. मग मदरबोर्डपासून सुटा केलेल्या कनेक्टरमधली हिरवी तार पेपरक्लिपने शेजारच्या काळ्या तारेला टेकवा. काका इथे हमखास दोन पावलं मागे सरकतात. त्यांना सांगावं, हिरवीवर जेमतेम ५ व्होल्ट असतात, काही होत नाही. आणि पंखा फिरला की "झालं की चालू!" म्हणून टाळी देऊ पाहतात, तेव्हा हात मागे घ्यावा. पंखा फिरला म्हणजे पंखा फिरला, एवढंच. पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ आणि करड्या तारेवर ५ च्या आसपास व्होल्ट मिळाले तर पुढचं बोलू. करडी तार 'सगळं ठीक आहे' असं मदरबोर्डला कळवते. ती गप्प राहिली तर बाकीचे व्होल्ट कितीही सुंदर असोत, मदरबोर्ड ढिम्म हलत नाही.

आता डबा उघडायचा. चार स्क्रू असतात आणि त्यांतला एक वॉरंटीच्या स्टिकरखाली दडलेला असतो. आत शिरण्याआधी सर्वात महत्त्वाची गोष्ट: वीज साठवून ठेवणारे ते दोन मोठे कॅपॅसिटर. २३० व्होल्ट एसीचे रेक्टिफाय होऊन साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही ते तिथेच ठाण मांडून बसतात. त्यांना हळूहळू रिकामे करणारे रेझिस्टर ठीक असले तरी पाच-सहा मिनिटं लागतात, आणि ते उघडे पडले, म्हणजे आतून तुटले, असतील तर देव जाणे. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची मर्दानगी करू नये. ठिणगी पडते, ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) उडतो आणि शेजारचं बाळ उठतं. २.२ किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीत धरून प्रत्येक कॅपॅसिटरच्या दोन टोकांवर चार-पाच सेकंद टेकवा, मग मीटरने मोजा. ५ व्होल्टच्या खाली आल्यावरच बोटं आत घाला.

आत पहिलं दर्शन धुळीचं, दुसरं प्राणिसंग्रहालयाचं. खाडीकाठच्या दमट हवेत धुळीचा आणि झुरळांच्या विष्ठेचा जो लेप बोर्डावर बसतो, तो विजेला वाट करून देतो. कळवा, कोपरी, ऐरोलीकडून आलेला डबा तर मी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासतो, पूर्ण वाळू देतो आणि मगच मीटर हातात घेतो. उबेला आलेली पाल ३२५ व्होल्टच्या दोन ट्रॅकवर आडवी पडलेली असेल तर निदान लवकर होतं. पंचनामा करायला मात्र घरातलं कोणी पुढे येत नाही.

मग येतो फ्यूज. काचेच्या नळीत तार नुसती मधोमध तुटलेली असेल तर म्हातारपण किंवा एखादा झटका. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर पुढे जबरदस्त शॉर्ट आहे. इथेच निम्मे लोक फसतात. फ्यूज बदलतात, प्लग लावतात, 'फट्', दुसरा बदलतात, 'फट्', आणि तिसऱ्यांदा तांब्याची तार टाकतात. मग फ्यूजऐवजी ब्रिज रेक्टिफायर फुटतो, कारण कोणीतरी तर फुटायलाच हवं. अहो, फ्यूज हा फिर्यादी आहे!

जुन्या हाफ-ब्रिज (दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालू-बंद होणाऱ्या) सप्लायमध्ये शॉर्ट बहुधा १३००७ किंवा १३००९ या जोडीतल्या ट्रान्झिस्टरमध्ये सापडतो. बोर्डावरच मोजलं तर ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं आणि आजूबाजूचे रेझिस्टर मध्ये येऊन रीडिंग फसवं मिळतं. बाहेर काढूनच मोजा. मीटरच्या डायोड मोडवर, ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी बेस ते कलेक्टर आणि बेस ते एमिटर ०.५ ते ०.७ दाखवायला हवं, कलेक्टर ते एमिटर काहीच नको. एक गेला असला तरी दोन्ही बदला, तेही एकाच जातीचे.

पण कथा इथे संपत नाही. नवे ट्रान्झिस्टर टाकून चालू केलेला सप्लाय थोड्याच दिवसांत परत येतो, तो यामुळे: त्यांच्या बेसजवळ १ किंवा २.२ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचे दोन चिमुकले कॅपॅसिटर असतात. ते वाळले की ट्रान्झिस्टरला पुरता धक्का मिळत नाही, तो ना धड चालू होतो ना धड बंद, आणि तापून मरतो. कॅपॅसिटर फुगत नाही, गळत नाही, काळाही पडत नाही. दिसायला दृष्ट लागेल असा असतो. ते दोन्ही बदला, जवळचे छोटे डायोड आणि एक-दोन ओहमचे रेझिस्टर उघडे पडलेत का बघा, मगच नवी जोडी बसवा.

जांभळी तारच मेलेली असेल तर तपास स्टँडबायकडे. तिथे काहीशे किलोओहमचा स्टार्टअप रेझिस्टर आपली किंमत वाढवत वाढवत एक दिवस उघडा पडतो. रंगपट्ट्या मात्र शाबूत. त्याच्या आसपास १० ते ४७ मायक्रोफॅरडचा, ५० व्होल्टचा एक कॅपॅसिटर गरम भागांना चिकटून आयुष्य काढत असतो. तापमान दर १० अंशांनी वाढलं की कॅपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं, हे इथे प्रत्यक्ष दिसतं. जुन्या, सुट्या ट्रान्झिस्टरच्या रचनेत हा वाळला की जांभळीवरचे ५ व्होल्ट खाली न जाता वर चढतात आणि मदरबोर्डला घेऊन जातात. म्हणून तो मी न मोजताच बदलतो.

सेकंडरीवरचे, म्हणजे आउटपुटच्या बाजूचे, फुगलेले कॅपॅसिटर मात्र आंधळ्यालाही बोटांनी कळतात. ५ व्होल्टला २२०० मायक्रोफॅरड १० व्होल्ट, १२ व्होल्टला १००० किंवा २२०० मायक्रोफॅरड १६ व्होल्ट, असे काहीसे असतात. बदलताना १०५ अंशांचे, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले) हवेत. साधे टाकले तर काही महिन्यांत परत फुगतात. आणि कॅपॅसिटर फुगण्याचं मूळ बऱ्याचदा अडलेल्या पंख्यात असतं. त्याच्या स्टिकरखाली मशीन ऑइलचा एक थेंब टाका, नाहीतर पंखाच बदला. नारिंगी आणि काळीमध्ये मीटर बीप करतो म्हणून घाबरू नका: तिथे मुद्दाम बसवलेला कमी ओहमचा रेझिस्टर असतो. बीप ऐकून आकडा न बघणारे लोक आउटपुटचा चांगला शॉटकी डायोड उपटून टाकतात.

हे भाग आणायचे कुठून? ठाण्याहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून पूर्वेला लॅमिंग्टन रोड. काउंटरवर "लो-ईएसआर आहे का?" विचारलं की, "सगळे लो-ईएसआरच आहेत, साहेब," असं उत्तर मिळतं. अंगावर छापलेली सिरीज वाचावी. १३००७ च्या नावाने पुसून पुन्हा छापलेला मालही फिरतो. अक्षरं अंगठ्याने पुसली जात असतील तर तो तिथेच ठेवावा.

बसवताना ट्रान्झिस्टरखालचा मायका (वीज अडवणारा पातळ पापुद्रा) आणि स्क्रूभोवतीचं प्लॅस्टिकचं बुश विसरू नये. हीटसिंक आणि कलेक्टर यांच्यात बीप येत नाही ना, हे मोजूनच बोर्ड डब्यात घालावा. पहिल्यांदा चालू करताना सप्लायकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत, सिरीजमध्ये, ६० किंवा १०० वॉटचा पिवळा बल्ब हवाच. क्षणभर लख्ख होऊन मंद झाला तर सुखरूप, लख्खच राहिला तर शॉर्ट बाकी आहे, पण निदान ट्रान्झिस्टर वाचले. एलईडी बल्ब इथे चालत नाही. तारेचा बल्ब आता माळ्यावरच्या जुन्या खोक्यात शोधावा लागतो आणि घरच्यांना तेव्हाच आठवतं की तो आपण भंगारात दिला.

त्यानंतर लोड. कारच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब पिवळीवर, ५ ओहम १० वॉटचा रेझिस्टर लालवर, आणि अर्धा तास चालू ठेवा. व्होल्टेज तेवढंच राहिलं, हीटसिंकवर चटका बसण्याइतकी गरमी नसली, तर काम झालं. हीटसिंकला हात लावण्याआधी प्लग काढायचा, आणि कॅपॅसिटर पुन्हा रिकामे करायचे. सगळं बंद केल्यावर काका विचारतात, "कॅबिनेटला हात लावला की मुंग्या का येतात?" त्याचं कारण सप्लायमधला बिघाड नसतो. फिल्टरचे वाय-कॅपॅसिटर (विजेची लाइन आणि अर्थ यांच्यामध्ये बसवलेले) पत्र्याला जोडलेले असतात आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये अर्थिंगची तारच आलेली नसते. त्यासाठी इलेक्ट्रिशियन बोलवा म्हटलं की काकांना अचानक घरी काम आठवतं.

मुख्य ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं गेलं असेल किंवा बोर्डच कोळसा झाला असेल तर मी अजिबात झटत नाही. पंखा, शॉटकी डायोड, हीटसिंक, जाड तारा आणि टोरॉइड (गोल कड्यावर गुंडाळलेली कॉइल) काढून घ्यायचे आणि बाकीचं ई-कचऱ्यात. फक्त कॅपॅसिटर जपून ठेवू नका. काढलेला जुना कॅपॅसिटर दुसऱ्या सप्लायला घालणं म्हणजे पुढच्या दुरुस्तीचं आगाऊ बुकिंग.