एका खोलीपुरता एसी

२०२१ च्या जूनअखेरीस एका सकाळी साडेदहाच्या सुमारास माझ्या मुलीचा फोन आला. ती कॅनडात, व्हँकूवरला लागून असलेल्या बर्नबी शहरात राहते. तिच्याकडे तेव्हा आदल्या दिवसाचे रात्रीचे दहा वाजले होते. घरात छत्तीस अंश तापमान आहे, खिडक्या उघडूनही वारा येत नाही आणि बाळ काही केल्या झोपत नाही, असे ती सांगत होती. मी तिला इंदूरच्या कोणत्याही आईने दिले असते तेच उत्तर दिले: "अगं, आपल्याकडे मे महिन्यात बेचाळीस असतात. ओला पंचा अंगावर घे आणि पडून राहा, दोन दिवसांत उतरेल." मी बत्तीस वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आहे. उष्णता कशी साठते आणि कशी निघून जाते, हे मला कळायला हवे होते. त्या उत्तराची खंत आजही माझ्या मनात आहे, म्हणूनच सौम्य हवेच्या गावातल्या घराला एसी हवा का, या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

त्या आठवड्यात लिटन नावाच्या तिथल्या एका लहान गावात पारा ४९.६ अंशांवर गेला. त्याआधीचा कॅनडाचा उच्चांक ४५ अंशांचा होता आणि तो १९३७ पासून टिकून होता. पुढे ब्रिटिश कोलंबियाच्या, म्हणजे त्याच प्रांताच्या, अकस्मात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनर कार्यालयाने या उष्णतेच्या लाटेत झालेल्या मृत्यूंचा अहवाल प्रसिद्ध केला. ६१९ माणसे गेली होती, आणि त्यांपैकी ९८ टक्के मृत्यू घराच्या किंवा इमारतीच्या आत ओढवले होते. दोन तृतीयांश मृत सत्तरीच्या किंवा त्यापुढच्या वयाचे होते आणि निम्म्याहून अधिक जण एकटे राहत होते. उन्हात राबणारी माणसे उष्माघाताने जातात, अशी आपली समजूत असते. इथे मात्र माणसे स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर गेली. ज्या घराने जपायचे, तेच त्यांच्यासाठी भट्टी झाले होते.

असे का झाले, हे समजायला मला मुलीच्या घराची रचना नीट विचारून घ्यावी लागली. व्हँकूवरची हवा सौम्य आणि पावसाळी म्हणून ओळखली जाते, पण तिथला बहुतेक पाऊस ऑक्टोबर ते मार्च या थंडीच्या महिन्यांत पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. घरे बांधली जातात ती थंडीसाठी. भिंतींच्या पोटात उष्णतारोधक थर, फटी घट्ट बुजवलेल्या आणि हिवाळ्यातले अपुरे ऊन आत यावे म्हणून मोठमोठ्या काचा. मुलीच्या घराच्या खिडक्या फक्त पश्चिमेकडे आहेत आणि सुरक्षिततेसाठी त्या वीतभरच उघडतात, त्यामुळे हवा आरपार जायला मार्ग नाही. जूनच्या अखेरीस तिथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. म्हणजे दुपारपासून सात-आठ तास ऊन काचेतून आत येत राहते, आणि काचेच्या आत एकदा आलेले ऊन आतल्या पडद्याने परत जात नाही, कारण पडदा स्वतःच तापून खोलीत उष्णता सोडत राहतो. छताला पंखा नाही. आपल्याकडे ज्या घरात पलंग नसतो त्या घरातही पंखा असतो, ही गोष्ट त्या सकाळी माझ्या ध्यानातच आली नाही.

म्हणूनच "सौम्य हवेच्या गावात एसी कशाला हवा?" हा प्रश्न मला अपुरा वाटतो. गावाची हवा वर्षभराच्या सरासरीने सौम्य असते, पण माणूस सरासरीत राहत नाही. रात्री बाहेरची हवा किती उतरते आणि ती घरात शिरू शकते का, या दोन गोष्टींवर उत्तर ठरते.

आपल्या इंदूरचेच पाहा. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीचे माळव्याचे पठार, काळी जमीन आणि सायंकाळनंतर सुटणारा वारा यांमुळे इथल्या रात्रींचे कौतुक "शब-ए-मालवा" म्हणून जुन्या काळापासून होत आले आहे. मे महिन्यात दुपारी चाळीस-बेचाळीस अंश असले तरी पहाटे पंचवीस-सव्वीसपर्यंत उतार पडतो, आणि हा पंधरा अंशांचा फरक ही या पठाराची खरी श्रीमंती आहे. रामबागेतल्या आमच्या जुन्या घराला दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती होत्या आणि वर कवेलू होते. दिवसभर भिंती ऊन पोटात घेत, ते आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होई, आणि तोवर दारे-खिडक्या सताड उघडून आम्ही सारे गच्चीवर झोपायला गेलेलो असू. दुपारी ओसरीवर वाळ्याचा पडदा आणि त्यावर तांब्यातांब्याने शिंपडलेले पाणी. त्या घरात एसीचा विचारही कुणाच्या मनात आला नसता, आणि त्या घरात तो अनावश्यकच होता.

आता आम्ही सुदामानगरच्या बाजूला चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. वर सिमेंटचा स्लॅब आहे, भिंती चार-साडेचार इंचांच्या, आणि गच्चीवर टाक्या व डिश इतक्या की पथारी टाकायला जागा नाही. २०२२ च्या मे महिन्यात मी काही रात्री थर्मामीटर ठेवून नोंदी केल्या. रात्री अकरा वाजता बाहेर एकोणतीस अंश असताना सासऱ्यांच्या खोलीत छत्तीस होते. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटेपर्यंत खाली उष्णता टाकत होता. हा आकडा पाहिला आणि मुलीच्या त्या फोनमधला आकडा आठवला. गाव निराळे, हवा निराळी, खोली मात्र तीच.

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा शहाऐंशी वर्षांचे होते. पंखा हवा थंड करत नाही, तो घाम वाळवून आपल्याला थंड करतो. उतारवयात घामही कमी येतो आणि तहानही उशिरा कळते. त्वचेचे तापमान सुमारे पस्तीस अंश असते, आणि भोवतालची हवा त्याहून गरम झाली की पंखा अंगावर गरम हवाच ढकलू लागतो, त्यामुळे ज्याला पुरेसा घाम येत नाही त्याला त्याचा आधार फारसा राहत नाही. "आम्ही आयुष्यभर पंख्यावर काढले" हे आबांचे म्हणणे त्यांच्या पन्नाशीसाठी खरे होते. त्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्या खोलीत एक टनाचा एसी बसवला. त्याआधी एसीला विरोध करणारी घरात मीच होते.

कूलरविषयीही सांगायला हवे, कारण इंदूरमध्ये एसीला पर्याय म्हणून त्याचेच नाव निघते. एप्रिल-मे महिन्यांत आपली हवा अतिशय कोरडी असते, पाणी झपाट्याने वाफ होते आणि कूलर अतिशय चांगले काम करतो. मात्र त्याच्या टाकीत ओतले जाणारे पाणी नर्मदेचे आहे आणि ते नदीकाठच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, पंपांनी वर चढवून आणलेले असते, हे विसरू नये. पाऊस लागला की मात्र कूलर निरुपयोगी होतो, कारण भिजलेल्या हवेत पाणी वाळत नाही, उलट अंथरुणे दमट होतात आणि कपाटांना बुरशी धरते. एसीचा जन्म मुळात या दमटपणामुळेच झाला. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली ती कामगारांना गारवा मिळावा म्हणून नव्हे, तर दमट हवेत कागद फुगून रंगांची जुळणी चुकत होती म्हणून. तरीही श्रावणात आपल्या घरांना एसी लागतो, असे मला वाटत नाही. हवा अठ्ठावीस अंशांची असेल तर खिडकी उघडी असलेल्या खोलीत पंखा पुरतो, आणि कमी विजेवर चालणाऱ्या नव्या बीएलडीसी पंख्याला तीसएक वॉट लागतात. एक टनाचा एसी साधारण हजार वॉट घेतो.

इतके असूनही प्रत्येक खोलीत एसी हा उपाय मला चुकीचा वाटतो, आणि त्याचे कारण केवळ विजेचे बिल नाही. एक टनाचे यंत्र खोलीतून साडेतीन किलोवॉट उष्णता उचलते आणि स्वतःच्या विजेची भर घालून सुमारे साडेचार किलोवॉट बाहेर टाकते. ती उष्णता कुठेतरी जातेच. आमच्या इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये आता अकरा यंत्रांची तोंडे उघडतात. तिथे स्वयंपाकघराची खिडकी असलेल्या घरांना मे महिन्यात ती उघडताच येत नाही, म्हणजे ज्यांनी एसी घेतला नाही त्यांचा वारा, ज्यांनी घेतला त्यांनी बंद केला. सोसायटीच्या बैठकीत मी हा विषय दोनदा मांडला आहे आणि पुन्हा मांडणार आहे.

माझे मत असे झाले आहे की घरातली एक खोली, जिथे म्हातारे माणूस, तान्हे मूल किंवा आजारी व्यक्ती झोपू शकेल, ती रात्री सुसह्य राहिलीच पाहिजे. ती आधी बांधणीने, आणि बांधणी पुरी पडत नसेल तर यंत्राने. ब्रिटिश कोलंबियाने २०२४ च्या इमारत संहितेत जवळजवळ हेच घातले: नव्या घरात निदान एक राहती खोली अशी हवी, की जिचे तापमान २६ अंशांपुढे जाणार नाही. साऱ्या घराची सक्ती नाही, एका खोलीची आहे, आणि ही विचारपूर्वक घातलेली मर्यादा मला फार योग्य वाटते.

आम्ही गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावली, आणि पुढच्या मे महिन्यात आबांच्या खोलीतले रात्रीचे तापमान मागच्यापेक्षा तीनेक अंशांनी कमी भरले. त्यामुळे एसी चोवीसऐवजी सत्तावीसवर ठेवूनही भागते. (२०२० पासून आपल्याकडे स्टार लेबलच्या खोलीच्या एसीत चोवीस हा आकडा मुळातच लावून येतो, तो खाली नेण्याची बहुतेकांना गरज नसते.) चुना उरला होता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या घरावर पत्रे आहेत आणि एसीचा प्रश्न त्यांच्यापर्यंत कधी पोहोचतच नाही, म्हणून तो चुना त्यांच्या पत्र्यांवर लावून घेतला. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा तयार केला, आणि पुढे वस्त्यांमधली छपरे पांढरी करण्याचे कामही तिथे झाले. आपल्या शहराने स्वच्छतेत जी जिद्द दाखवली, तिचा थोडा अंश या छपरांसाठी दाखवावा, असे मला मनापासून वाटते.

मुलीने गेल्या वर्षी झोपण्याच्या खोलीत हीट पंप, म्हणजे उन्हाळ्यात एसीसारखा गारवा देणारे यंत्र, बसवला. तेच यंत्र हिवाळ्यात खोली उबदार ठेवते. खिडकीला बाहेरून पडदा लावायची परवानगी तिच्या इमारतीने अजून दिलेली नाही, आणि त्यासाठी ती अर्ज करत आहे. आमच्याकडे आबांचा एसी दुसऱ्या-तिसऱ्या पावसानंतर बंद होतो. बाहेरच्या यंत्रावर झाकण बांधले की चिक गुंडाळून वर करायची, आणि रात्री नऊच्या सुमारास दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडायच्या. आबांची खाट त्या दोन खिडक्यांच्या मधोमध सरकवून ठेवली आहे.