उरलेल्या रश्श्याची परीक्षा

अन्नदानाची प्रेरणा माणसाला नेमकी केव्हा होते, हे घरच्या समारंभानंतर मला जवळून पाहायला मिळाले. पाहुणे निघून गेलेले असतात, फ्रिजमध्ये बोट शिरकवायलाही जागा नसते आणि पातेली घासायला टाकण्याची घाई असते, अशा वेळी घरातले कोणीतरी सद्गदित होऊन म्हणते, "टाकू नका, कोणाच्या तरी मुखी लागू दे." हे 'कोणीतरी' शोधून काढण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले.

उरलेले अन्न गोळा करणाऱ्या एका संस्थेला मी फोन लावला. पलीकडून कौतुकाचे शब्द येतील अशा अपेक्षेने मी घसा खाकरला, पण तिकडून प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. अन्न शिजवून किती वेळ झाला? वाढताना ताटातले परत पातेल्यात गेले का? त्यात दूध, शेंगदाणे, तीळ यांपैकी काय आहे? शेवटचे दोन प्रश्न निभावले. पहिल्यावर मात्र घरात उभी फूट पडली. काकूंच्या मते रस्सा अकराला उतरवला होता, काकांच्या मते "आत्ता तर केलाय", आणि ज्याने तो केला तो आचारी हिशेब घेऊन केव्हाच निघून गेला होता.

काकांनी मग स्वतःचे नाक कामाला लावले. झाकण उघडून त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि "एकदम ताजा आहे" असा निकाल दिला. काकांच्या नाकाबद्दल मला आदर आहे, पण अन्नाला वास आणणारे जंतू वेगळे आणि माणसाला आडवे पाडणारे पुष्कळदा वेगळे असतात. या दुसऱ्या जातीचे जंतू वास, रंग, चव यांतले काहीही न बदलता गुपचूप वाढतात. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस हा त्यांचा सुखाचा पट्टा, आणि त्यात मनासारखी ऊब मिळाली की काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणूनच शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये म्हणतात, आणि हवा 32 अंशांच्या वर गेली असेल तर एकच तास.

संस्थेची मुलगी आली ती डोक्याला टोपी, हातात मोजे आणि खिशात टोकदार थर्मामीटर घेऊन. काकूंनी पातेल्याला मायेने दोन जाड चादरी गुंडाळल्या होत्या. चादरी सोडवून तिने रश्श्याच्या मध्यभागी सळई खुपसली. आकडा 43 वर थांबला. दुपार केव्हाच टळून गेली होती.

"ताई, अजून चांगला गरम आहे ना?" काकू अभिमानाने म्हणाल्या.

"काकू, तोच तर घोटाळा आहे," ती म्हणाली. खोल पातेल्यातला घट्ट रस्सा मधोमध तासन्‌तास कोमट राहतो, आत हवा पोहोचत नाही, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूला हेच हवे असते. एकतर अन्न 60 अंशांच्या वर ठेवावे, नाहीतर उथळ ट्रेमध्ये पाचेक सेंटीमीटरच्या थरात पसरून झटपट थंड करावे, असे तिचे म्हणणे.

"पुन्हा उकळला की मरतील सगळे," काकांनी तोडगा काढला. हा तोडगा प्रत्येक घरात एक तरी वडीलधारी व्यक्ती काढतेच. पण भातात आढळणाऱ्या बॅसिलस सिरीयस या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचात झोपलेली रूपे, शिजवण्यातूनही तगतात, भात कोमट राहिला की जागे होतात, आणि त्यांनी एकदा केलेले उलट्या करवणारे विष नंतर कितीही उकळले तरी जात नाही. शिवाय हे अन्न जाणार लहान मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या, आजाऱ्यांच्या पानात, म्हणजे ज्यांना ते सर्वांत कमी सोसेल त्यांच्याच.

एवढा रस्सा वाया जाणार म्हणून काकांना आलेला संताप अगदीच अनाठायी होता असे मी म्हणणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2022 साली जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले 60 टक्के घराघरांतून. पण जे अन्न द्यायचे ते उरणार हे पंगत चालू असतानाच ओळखावे लागते, हात धुतल्यावर नव्हे. आमच्या घरात हे फक्त वहिनीने ओळखले होते. जादा भात तिने पंगतीला न नेता तेव्हाच ट्रेमध्ये पसरला, निवताच झाकून फ्रिजमध्ये घातला, आणि सरबताच्या बाटल्या बाहेर काढल्याबद्दल सर्वांचे बोलणे खाल्ले. त्या भातात सळई गेली तेव्हा आकडा 4 आला. मुलीने डब्यावर पदार्थाचे नाव, तारीख, वेळ लिहिली. न फोडलेली पावाची पाकिटे आणि अख्खी फळेही घेतली. रस्सा तेवढा राहिला.

"आम्ही स्वतः खातो हो असला रस्सा! काही होत नाही," काका दारापर्यंत तिला ऐकवत होते.

ती गेल्यावर काकूंनी एक अक्षरही न बोलता त्याच रश्श्याची काठोकाठ भरलेली वाटी काकांपुढे आणून ठेवली. काकांनी वाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "ती सळई कुठे विकत मिळते रे?"